सिदबानं न पाहिलेली खोली

माणसानं लेक द्यायची तर घर बघावं, बैल घ्यायचा तर चाल बघावी आणि मेंढरं बसवायची तर रान बघावं, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. माझी आत्या भिवराबाई सोयरीक बघायला गेली की नवरदेवाकडं ढुंकूनही बघायची नाही. पदर खोचून थेट चुलीपाशी. धूर कुठून जातो, पाणी किती लांबून आणावं लागतं, भाकरी थापणारीला पाय पसरायला जागा आहे का, एवढं बघून यायची आणि म्हणायची, "पोरगं काय, दिवसभर रानात ऱ्हातंय. पोरीला ह्या चुलीसंगट नांदायचंय." तिनं एक सोयरीक तर नुसतं रांजणाचं झाकण उचलून मोडली. आत बेडूक होता. त्या बेडकावरून दोन गावांत पुढं काय काय झालं ते राहू द्या, नाहीतर मी तिकडंच जाईन.

आज सांगायचंय ते सिदबा धनगराचं आणि त्याच्या लेकाचं, सटवाचं. हा सटवा म्हणजेच पुढचे सटवा मास्तर, ज्यांनी मला आणि माझ्या वयाच्या अर्ध्या तलवाड्याला बोट धरून पाटीवर गिरवायला शिकवलं. मास्तर गणित शिकवता शिकवता गोष्टीत शिरायचे आणि गणित तिथंच पडून राहायचं. त्यामुळं माझं गणित कच्चं राहिलं आणि गोष्टी पक्क्या झाल्या. तक्रार नाही. ही गोष्ट त्यांच्याच तोंडची. तेव्हा ते मास्तर झाले नव्हते, म्हणून मी आपला सटवाच म्हणतो.

काळ निजामाचा. पहिली मोठी लढाई संपून काही वर्षं झालेली. सिदबाची मेंढरं पिकं निघाली की अर्जुनरावाच्या रानात बसायची. अर्जुनराव म्हणजे आमच्या गावचा मोठा जमीनदार, तहसीलदार आला तर ज्याच्या ओसरीवर टेकायचा तो. रात्री मेंढरं रानात बसली की लेंड्यांनी रान सुधारतं आणि त्याबदल्यात धनगराला धान्य मिळतं. वर्षाची भाकर त्याच्यावर. पण सिदबाची एक खोड होती. मालकानं रान दाखवलं की मेंढरं न्यायच्या आधी हा एकटा तिथं जाऊन निजायचा. घोंगडी अंथरायची, वारं कुठून येतं ते बघायचं, मुंग्या कुठं, ओल कुठं, लांडग्याची वाट कुठून. सकाळी येऊन सांगायचा, "बसत्यात." नाहीतर, "न्हाई बसत." न्हाई म्हणाला की न्हाई.

अर्जुनराव एकदा चारचौघांत म्हणाला, "सिदबा, मेंढरासाठी तू झोपून बघतोस. लगीन करताना कुठं झोपून बघितलंस?"

"मालक," सिदबा म्हणाला, "लगीन झाल्यावर झोपच कुठं हाय?"

त्याची बायको कडूबाई तिथंच ताक घेऊन आलेली. तिनं ते ताक सिदबाला न देता मालकाला दिलं आणि निघून गेली. अशी ती.

सटवा त्यांचा एकुलता एक. मेंढरांचा वाडा ज्या गावाला बसेल तिथल्या शाळेच्या भिंतीला टेकून हा बाहेरून धडे ऐकायचा. एका मौलवी मास्तरानं कान धरून आत घेतला, आणि मग तो आतच राहिला. बीडला मोठ्या शाळेत असताना देवळाच्या उघड्या ओसरीवर झोपून त्यानं मॅट्रिक काढली. निकाल कळला त्या दिवशी तलवाड्यात हलगी वाजली. धनगराचं पोरगं मॅट्रिक, आणि तेही उर्दूतनं! अर्जुनराव म्हणाला, "आता थांबायचं न्हाई. औरंगाबादला इंटर कॉलेज निघालंय. आपल्या भागाचा एक तरी माणूस कचेरीत ताठ उभा ऱ्हाऊन कागद वाचणारा पायजे. मी सोता येतो संगट. पोराच्या ऱ्हायाची चिंता करू नगंस, माझा साडू हाय तिथं."

निघायच्या सकाळी कडूबाईनं भाकरीचं गठुडं बांधता बांधता सिदबाला सांगितलं, "ते कालीज बघा न बघा, पोरगं झोपणार कुठं ती जागा तेवढी बघून या."

"मालकाच्या साडूचं घर हाय ते. त्येंच्या घरात डोकावून बघू? काय म्हनतील?"

"म्हनू द्या की. मेंढराला बघता, मंग लेकाला कावून न्हाई?"

"अगं, मेंढरू बोलत न्हाई म्हनून बघावं लागतंय. लेकाला तोंड हाय. कमी-जास्त असलं तर सांगंल की."

कडूबाई गप्प बसली. पटलं म्हणून नव्हे. गठुड्याची गाठ दातानं ओढायची होती म्हणून.

अर्जुनरावाच्या दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, तिघं निघाले. शहागडला नावेतून गोदा ओलांडली. रस्त्यात सिदबाच्या मनात बायकोचं बोलणं घोळत होतं, पण दुसऱ्याच्या दमणीत बसलेला माणूस दुसऱ्याच्या घराची शंका कशी काढणार? तो स्वतःशीच पुटपुटला, "धर्माची गाय, आन् दात का न्हाय." सटवानं विचारलं, "काय म्हनला, आबा?" "काय न्हाई. गप बस."

कॉलेजच्या कमानी बघून सिदबानं हळूच विचारलं, "हिथं आधी हत्ती बांदत व्हते का?" अर्जुनराव पोट धरून हसला. नाव दाखल करणारा मुन्शी भला माणूस होता. काम आटोपल्यावर म्हणाला, "लडकों का इकामतखाना पीछेच है. चारपाई, कंदील, सब है. देखना तो देख लो." इकामतखाना म्हणजे मुलांची राहायची जागा, आत्ता ज्याला वसतिगृह म्हणतात ती.

सटवाचं पाऊल तिकडं वळलंसुद्धा. पण अर्जुनराव म्हणाला, "आपली मानसं असताना परक्यांत कशाला?" वळलेलं पाऊल परत आलं.

साडू राधाकिशन मोंढ्यात धान्याची आडत करायचा. गोरा, गुबगुबीत, बोलायला मोकळा. पाहुण्यांना गादीवर बसवलं, गूळ-पाणी झालं, पान झालं. दुकानाच्या मागच्या बाजूला गोणपाटाचा पडदा होता. राधाकिशननं अंगठा त्या पडद्याकडं केला आणि अर्जुनरावाला म्हणाला, "जागा आत हाय. ऐसपैस. दोन टाईम जेवन. पर दाजी, एक सांगतो, धनगराची पोरं आज हाईत तर उद्या न्हाईत. मी जागा अडवून ठेवायची आन् ह्यो मेंढराची आठवन आली की पळायचा."

हे लागलं सिदबाला. मेंढरामागं फिरणारा माणूस शब्दाला पक्का नसतो असं कुणी म्हटलेलं त्याला कधीच खपत नसे. इकडं सटवा उठून पडद्याला हात घालत होता. सिदबानं डोळे वटारले. यजमानाच्या पडद्याला हात? सटवा खाली बसला. आणि सिदबानं कंबरेची पिशवी सोडली, देवाचा भंडारा, म्हणजे हळद, चिमटीत घेतली, कपाळाला लावली आणि दुकानाच्या उंबऱ्यावर टेकवली.

"इंटर पास होईस्तोवर माजा लेक दुसरीकडं निजणार न्हाई. ह्यो भंडारा."

आता ही रीत सांगितली पाहिजे. त्यांच्यात भंडारा उचलून दिलेला शब्द मोडत नाहीत. मोडायचाच झाला तर ज्यानं उचलला त्यानंच त्याच उंबऱ्यावर येऊन पागोटं काढायचं आणि देवाच्या पुढच्या जत्रेपर्यंत बोडक्या डोक्यानं हिंडायचं. कुणी काही विचारत नाही. डोकं बघितलं की समजतं. सोयरीक थांबते, पंचात बसायला बोलावत नाहीत. मी स्वतः असा एकच माणूस बघितलाय लहानपणी. आम्ही पोरं त्याच्याकडं बघून आपापल्या टोप्या चाचपायचो.

सिदबा आणि अर्जुनराव गावाला निघाले आणि सटवानं गठुडं उचलून पडदा बाजूला केला.

आत पोती. जमिनीपासून वरपर्यंत ज्वारी, बाजरी, करडई. पोत्यांच्या मधून एक बोळ, आणि बोळाच्या टोकाला एक बाज मावेल एवढी मोकळी जागा. खिडकी नाही. वर माळवदाला हातभर भोक होतं, पण पाऊस येऊ नये म्हणून त्याच्यावर गाडगं पालथं घातलेलं. पलीकडच्या भिंतीमागं राधाकिशनचं राहतं घर. त्याची बायको सरस्वतीबाई गोषात असायची, परक्या पुरुषाच्या नजरेला पडायची नाही. त्या भिंतीत एक आरपार कोनाडा होता. त्यातून भाकरी-कोरड्यास इकडं यायचं आणि धुतलेली ताटली तिकडं जायची. सटवानं तिचं बोट सुद्धा कधी बघितलं नाही. फक्त आवाज.

दिवेलागणीला दुकानाच्या फळ्या पडल्या. मग कडी. मग कुलूप. राधाकिशन बाहेर ओट्यावर पथारी पसरून झोपायचा, किल्ली करगोट्याला. ऐटीत सांगायचा, "चोर आला तर पयला पाय माझ्या पोटावर देईल!" घराला दुसरं दार नव्हतं. मालक बाहेर आणि माल आत. बायको आत, धान्य आत, सटवा आत.

पहिल्या संध्याकाळी सटवानं कंदील मागितला. बाहेरून राधाकिशन हसत म्हणाला, "बाबा, गोणपाट हाय समदं. ठिणगी पडली तर आपल्याला होळीची वाट बघायला नगं." बरोबरच होतं त्याचं. माणूस वाईट नव्हता, हे मास्तर दर वेळी सांगायचे. फक्त कुलपाच्या कुठल्या बाजूला कोण आहे याचा त्यानं कधी विचार केला नव्हता.

ज्या पोरानं जन्मात छप्पर बघितलं ते देवळाच्या ओसरीचं, त्याला दिवेलागणीपासून सकाळपर्यंत पोत्यांच्या बोळात कोंडलं. धान्याच्या धुळीनं ठसका लागायचा. उंदीर पोत्यावरून पोत्यावर उड्या मारायचे. पुस्तक छातीवर घेऊन हा अंधारात पडून राहायचा, पाठ होतं तेवढं म्हणायचा, आणि पाठ संपलं की पुन्हा पहिल्यापासून. अंधारात नवं काही वाचता येत नाही, ही मोठी अडचण. त्याहून मोठी सकाळी. राधाकिशनची बाहेर आडावर आंघोळ, ओट्यावरच पूजा, कपाळाला गंध, गल्लीतल्या सगळ्यांशी रामराम, आणि मग कुलूप. तोवर कॉलेजची पहिली घंटा होऊन जायची. सटवा धापा टाकत पोचायचा आणि दारात उभा. फारसीचे उस्ताद पहिल्यांदा हसले, मग रागावले, आणि दिवाळीच्या तोंडाला म्हणाले, "मियां, सुट्टी के बाद एक दिन भी देर हुई तो नाम काट देंगे. फिर बकरियांच चराना."

"बकऱ्या न्हाई, मेंढरं," सटवा म्हणाला. सगळा वर्ग हसला आणि याच्या डोळ्यात पाणी आलं.

सुटायचं कसं? जागा सोडली तर बापाचं डोकं बोडकं. वर अर्जुनरावाच्या साडूचा अपमान, म्हणजे अर्जुनरावाचं रान गेलं, म्हणजे वर्षाची भाकर गेली. जागा नाही सोडली तर कॉलेजातून नाव गेलं. दोन्ही बाजूंनी फळ्या पडलेल्या. बापाला सांगावं तर बाप शब्दात अडकलेला, त्याला कशाला आणखी बोचवायचं? म्हणून ज्या तोंडावर सिदबानं भरवसा ठेवला होता ते तोंड सटवानं बंद ठेवलं.

दिवाळीला तो घरी आला तेव्हा वाडा अर्जुनरावाच्या रानात होता. मेंढरांभोवती बोराटीच्या काट्यांचं कुंपण. तिन्हीसांजेला कडूबाईनं काट्याची झाप ओढून वाड्याचं तोंड बंद केलं, तर पोरगं टुणकन कुंपणावरून उडी मारून बाहेर. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती झाप हातात धरूनच उभी राहिली.

"सटवा, तिथली जागा कशी हाय?"

"चांगली हाय."

"खिडकी कुनीकडं हाय?"

सटवा एका कोकराच्या कानातल्या गोचड्या काढायला लागला.

"मी इच्यारते, खिडकीचं तोंड कुनीकडं हाय?"

"आई, त्या कोकराला नीट पाजलं न्हाईस तू आज."

कडूबाई उठली ती थेट सिदबापुढं. "जावा. बघून या."

"आता बघून काय करू? भंडारा उचललाय म्या."

"बघायच्या आदी उचलला. आता उचलल्यावर तरी बघा."

"लेक काय बोलला का?"

"न्हाई बोलला. म्हनूनच म्हनते. मेंढराचं तरी कळतं तुमाला, त्ये ओरडतंय तरी."

सिदबानं रात्रभर विचार केला असं मास्तर म्हणायचे. मला वाटतं, तो झोपला असेल, पण सकाळी नवी विणलेली घोंगडी खांद्यावर टाकून लेकाबरोबर निघाला एवढं खरं. राधाकिशनला भेट द्यायचं निमित्त. नुसतं बघायला आलो म्हणायची अजून लाज वाटत होती.

राधाकिशन घोंगडी बघून खुलला. सिदबा उगाच उठल्यासारखा झाला. "वा सिदबा, थंडीचं काम झालं. आन् हे काय, आल्या पावली चाललात? आज आतच निजा की लेकासंगट. बापलेक गप्पा मारा."

सिदबाला हेच पाहिजे होतं. तो आत गेला, बोळातून चालत बाजेपर्यंत पोचला आणि वर बघितलं. मग डावीकडं. मग उजवीकडं. रान बघावं तसा बघत होता, पण बघायला काही नव्हतं. तेवढ्यात फळ्या पडल्या. कडी. कुलूप.

"सटवा, ह्ये काय?"

"रोजचंच हाय, आबा."

"मंग मानसाला बाहीर जायाचं असलं तर?"

"डबडं हाय तिकडं."

सिदबानं लांडग्याला काठीनं हाणलेलं. गोदेच्या पुरातून मेंढरं काढलेली. हा माणूस थोडा वेळ बाजेवर बसला, मग उभा राहिला, मग पोती चाचपत दुकानाच्या फळ्यांपर्यंत गेला. "राधाकिशनराव! अवो राधाकिशनराव! मला जरा वारं घ्यायचं हाय!"

बाहेरून खुशीत उत्तर आलं, "सकाळी घ्या, पाव्हणं! भरपूर हाय!"

सिदबा परत बाजेपाशी आला आणि जमिनीवर बसला. त्याचा श्वास फुंकर मारल्यासारखा ऐकू यायला लागला. तेव्हा भिंतीतल्या कोनाड्यातून बाईचा आवाज आला.

"पाव्हणं, घाबरू नगा. पयल्या राती समद्यांलाच असं व्हतं. तोंडावर पानी मारा."

सिदबा दचकला. "कोन?"

"मी मालकीन हाय हितली."

"बाई, तुमी बी आतच?"

"मंग कुठं असनार? लगीन होऊन आले तवापून हाय. माझ्या वडलांनी दुकान बघितलं व्हतं. म्हनले, लई धान्य हाय, पोरगी सुखात ऱ्हाईल. गादीवर बसले, पान खाल्लं, गेले. आतलं कुनी बघितलंच न्हाई. ऱ्हाईले मी. व्हतं सवयीनं. तुमच्या लेकाला सांगते मी पाठ म्हन मोठ्यानं, मला बी ऐकू येतं. मला काय कळत न्हाई त्यातलं, पर आवाज तर येतो."

सटवा खाली मान घालून बसला होता. त्याचं ते पुन्हा पुन्हा पहिल्यापासून पाठ म्हणणं कुणासाठी चाललेलं, ते बापाला आत्ता कळलं.

त्या रात्री सिदबा निजला नाही. सकाळी राधाकिशनची आंघोळ झाली, पूजा झाली, गंध झालं, आणि आत पाव्हणा म्हणून रामराम मागं ठेवून कुलूप जरा लवकर निघालं. सिदबा बाहेर आला तो उंबऱ्यावरच बसला. सगळा मोंढा उघडत होता. हमाल, गाडीवान, आडते, सगळ्यांच्या देखत त्यानं पागोटं काढलं आणि उंबऱ्यावर ठेवलं. भंडाऱ्याची चिमूट त्याच्या शेजारी टेकवली.

"राधाकिशनराव, शब्द माघारी घेतो."

राधाकिशनचा चेहरा पडला. "का बे? काय कमी केलं म्या? दोन टाईम जेवू घातलं, पोटच्या पोरावानी ठेवलं."

"कमी काय बी न्हाई केलं. तुमचं मीठ खाल्लंय. चूक माझी हाय, म्या न बघता उचलला."

"आन् दाजीला काय तोंड दाखवू मी?"

"त्येंला मी दाखवतो की. ह्ये डोकं."

राधाकिशन पाठ फिरवून गादीवर जाऊन बसला. ती घोंगडी मात्र त्यानं परत केली नाही, आणि ते मला बरं वाटतं. सटवा आत गठुडं आणायला गेला. कोनाड्याशी थांबला. "मावशी, मी जातो."

"जा. कोनाड्यात भाकरी ठिवलीय, घे. आन् पळ, तुजी घंटा व्हईल."

त्याला आणखी काही बोलायचं होतं. काय ते त्याला कधीच सुचलं नाही, म्हातारपणी सुद्धा. भाकरी घेतली आणि पळाला. त्या दिवशी घंटा गाठली.

दुपारी बोडका सिदबा आणि सटवा इकामतखान्यात गेले. तिथले देखरेख करणारे मौलवीसाहेब दाढी कुरवाळत बघत राहिले, कारण सिदबा कुणाला न विचारता एका चारपाईवर आडवा झाला होता. मग उठून दुसरीवर. मग खिडकीपाशी गेला, बोट ओलं करून वारं बघितलं. मग दाराची कडी आतून लावून बघितली, काढून बघितली, पुन्हा लावून बघितली.

"क्या देखते, मियां?"

"कडी कोनच्या बाजूनं हाय ते बघतो, साहेब."

मौलवीसाहेब हसले. "कितने बाप आए. सब ने इमारत देखी. चारपाई पे लेट के किसी ने नहीं देखा." त्यांच्या पोरांना थंडीत पांघरूण कमी पडत होतं. सिदबानं दर हिवाळ्याला घोंगड्या देतो म्हणून सांगितलं आणि जागा ठरली. कोपऱ्यातली चारपाई त्यानंच निवडली, वारं चांगलं आहे म्हणून. संध्याकाळी कळलं की वाऱ्याबरोबर स्वयंपाकघराचा सगळा धूर त्याच कोपऱ्यात येतो. सटवाचे डोळे महिनाभर लाल. पण कंदील होता, आणि घंटेच्या आधी दार उघडत होतं, तेही स्वतःच्या हातानं.

सिदबा गावात शिरला तेव्हा पोरांनी टोप्या चाचपल्या असतील. अर्जुनराव ओसरीवर बसलेला.

"पागोटं कुठंय, सिदबा?"

"तुमच्या साडूच्या उंबऱ्यावर, मालक."

अर्जुनराव सुपारी कातरत राहिला. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या रानात दिंद्रुडच्या बंकट धनगराची मेंढरं बसली. भांडण नाही, शिवी नाही. नुसतं बोलावणं आलं नाही. तलवाड्याच्या बाकी कुणब्यांनी पण मालकाकडं बघून मान वळवली. सिदबानं मेंढरं हाकली आणि धारूरच्या डोंगरावर गेला. तिथं माळ उघडा, गवत खुरटं, वारा असा की कानातली बाळी गार पडावी. त्या हिवाळ्यात कोकरं दगावली. कडूबाईनं एकदाही म्हटलं नाही की मी आधीच सांगितलं होतं. मला तर वाटतं तेच सिदबाला जास्त लागलं असेल.

परीक्षा झाली. निकाल लागला. सटवा नापास, अंग्रेजीत.

तो धारूरच्या माळावर चालत आला तेव्हा सिदबा मेंढी आडवी पाडून लोकर कातरत होता. देवाची जत्रा होऊन गेलेली, डोक्यावर पागोटं परत आलेलं. पण अर्जुनरावाचं रान आलेलं नव्हतं आणि सटवाला कचेरीत खुर्ची मिळेपर्यंत येणारही नव्हतं. हे तिघांनाही माहीत होतं. सटवानं सांगून टाकलं आणि गुडघ्यात मान घातली.

सिदबानं कातर थांबवली. "जागा कशी व्हती?"

"चांगली व्हती, आबा."

"कंदील व्हता?"

"व्हता."

"दार?"

"आतनं कडी."

"मंग आता दोष कुनाला द्यायचा बे?"

कडूबाई चुलीपाशी फिस्सकन हसली. तिला हसू आवरेना. सिदबाही हसला. सटवाला मात्र हसू येईना. मास्तर म्हणायचे, "त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या पोत्यांच्या बोळाची आठवण आली. तिथं असतो तर नापास व्हायला कारण तरी असतं. आता बाप बोडका हिंडून झालेला, कोकरं मेलेली, आणि मी पास झाल्याशिवाय आम्हा तिघांपैकी कुणालाही त्या माळावरून खाली उतरता येणार नव्हतं."

"आबा, पुन्यांदा बसू?"

"मंग काय, हिथं बसनार? लई थंडी हाय हिथं," सिदबा म्हणाला आणि कातर उचलली. "धर, त्या मेंढीचं मागचं पाय धर. घट्ट."